वाचकांचे प्रश्न : साम्राज्यातलं झुकतं माप

मागच्या अंकात एक छोटी चौकट होती. 1849 मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहराच्या बड्या व्यापाऱ्यांनी, जे स्वतःला ब्रिटिश राजवटीचे सगळ्यात निष्ठावान लोक म्हणवून घ्यायचे त्यांनी, जाहीरनामा काढून अमेरिकेत सामील व्हायची मागणी केली, कारण ब्रिटनने त्यांची जकातीतली सवलत काढून घेतली होती. चौकट चार ओळींची आणि पत्रं मात्र ढीगभर आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न : एकाच साम्राज्यातला माल ना, मग त्यावर जकात कसली? इंग्रज स्वतःच्याच वसाहतीच्या मालावर कर घ्यायचे?

हो, घ्यायचे. साम्राज्य एक म्हणून बाजारही एकच, असं अजिबात नव्हतं. क्वेबेकचं लाकूड असो, जमैकाची साखर असो नाहीतर बंगालची, इंग्लंडच्या बंदरात उतरलं की कस्टम हाऊसला पैसे भरायलाच लागायचे. फक्त परदेशी मालावर जकात जास्त आणि वसाहतीच्या मालावर कमी. या दोन आकड्यांत जो फरक राहायचा तो म्हणजे प्रेफरन्स, आणि वसाहतीतल्या कित्येक व्यापाऱ्यांचा अख्खा धंदा त्या फरकावरच उभा होता.

लाकडाचं उदाहरण घ्या, सगळ्यात स्पष्ट तेच आहे. अठराव्या शतकात ब्रिटनला इमारती लाकूड आणि जहाजांच्या डोलकाठ्या यायच्या त्या मुख्यतः बाल्टिक समुद्राकडून, रीगा, मेमेल, डान्झिग या बंदरांतून, शिवाय नॉर्वेतून. 1807 मध्ये, ब्रिटनचं फ्रान्सशी युद्ध चालू असताना, फ्रान्सचा नेपोलियन आणि रशियाचा झार यांच्यात टिल्सिटचा तह झाला आणि हा रस्ता बंद पडायची वेळ आली. आरमार लाकडाचं, त्यामुळे लंडनमध्ये घाबरगुंडी उडाली. मग परदेशी लाकडावर जबरदस्त जकात चढवत नेली, म्हणजे व्यापारी आपोआप कॅनडा आणि शेजारची ब्रिटिश वसाहत न्यू ब्रन्सविक यांच्याकडे वळतील. युद्ध 1815 ला संपलं, बाल्टिकचा रस्ता पुन्हा उघडला, पण तोवर क्वेबेकमध्ये गोद्या, कर्जं, जहाजं, मजुरांच्या टोळ्या असा सगळा पसारा उभा राहिला होता, आणि व्यापाऱ्यांचं म्हणणं असं की सरकारनेच आम्हाला बोलावलं, आता वाऱ्यावर सोडू नका. 1821 ला जो दर ठरला तो असा : परदेशी लाकडाला एका लोडमागे, म्हणजे साधारण 50 घनफुटांमागे, 55 शिलिंग आणि वसाहतीच्या लाकडाला 10 शिलिंग. सरळ 45 शिलिंगांचा फरक. अटलांटिक ओलांडायचं भाडं बाल्टिकपेक्षा कितीतरी जास्त होतं, ते या फरकातून भरून निघायचं. तो काढला असता तर क्वेबेकचं बरंचसं लाकूड तिथल्या किनाऱ्यावरच पडून राहिलं असतं.

प्रश्न : मग या सवलतीचा खरा फायदा कोणाला झाला? कॅनडातल्या साध्या माणसाला काही मिळालं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि उत्तर एका ओळीत बसणारं नाही.

पैसे कोणी दिले ते आधी बघू. घर बांधणाऱ्या ब्रिटिश माणसाने दिले, कारण त्याला जवळचं आणि बऱ्याच बिल्डरांच्या मते जास्त चांगलं असलेलं बाल्टिकचं लाकूड महाग पडायचं. कमावलं कोणी, तर ब्रिटिश जहाजमालकांनी, आणि क्वेबेकच्या त्या पेढ्यांनी ज्यांचे भागीदार लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोमध्ये बसलेले होते. हे जहाजमालक फार महत्त्वाचे, कारण वसाहतीतल्या व्यापाऱ्याला ब्रिटिश संसदेत मत नव्हतं पण जहाजमालकांची माणसं तिथे होती. 1831 मध्ये सरकारने हा फरक कमी करायचा प्रस्ताव आणला तर संसदेने तो पाडला.

आता जंगलात या. फिलेमन राइट नावाच्या माणसाने 1806 मध्ये ओटावा नदीवरून पहिला तराफा क्वेबेकला नेला, म्हणजे टिल्सिटच्या वर्षभर आधीच, आणि पुढे जकातीने या रस्त्याचं सोनं केलं. हिवाळ्यात टोळ्या जंगलात राहायच्या, पांढऱ्या पाइनची झाडं पाडून रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने खोड चारही बाजूंनी तासून चौकोनी करायच्या, कारण जहाजात चौकोनी ओंडका नीट रचता येतो आणि इंग्लंडच्या गिऱ्हाइकालाही तोच हवा असायचा. तासताना जे लाकूड वाया जायचं ते तिथेच पडून, आणि वाळलं की वणव्याला खाद्य. बर्फ वितळलं की ओंडके नदीत, मग त्यांचे तराफे बांधायचे, त्यावर झोपायला लाकडी खोपटं, मध्ये वाळू पसरून त्यावर चूल, आणि धबधबा आला की तराफा सोडवायचा, तुकडे खाली न्यायचे, पुन्हा बांधायचा. शोदिएर धबधब्यापाशी 1829 मध्ये राइटच्याच घरातल्याने बाजूने लाकडी पन्हळीसारखी वाट काढली, तेव्हा कुठे ते काम सोपं झालं. या टोळ्यांना मजुरी मिळाली, त्यांना धान्य आणि गवत विकणाऱ्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा साध्या माणसाला काहीच मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

पण एक गोष्ट राहते आणि ती मला फार त्रास देते. लाकडाची जहाजं इंग्लंडला भरून जायची आणि परत येताना जवळपास रिकामी, मग मालकांनी परतीच्या फेरीत माणसं भरायला सुरुवात केली, खालच्या डेकवर कच्च्या फळ्यांच्या बंका ठोकून. गरीब आयरिश कुटुंबांना अमेरिका खंडाचं तिकीट परवडलं ते बऱ्याच अंशी या लाकूड व्यापारामुळे. 1847 मध्ये आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेले लोक याच जहाजांतून आले, जहाजावर टायफस नावाचा जीवघेणा ताप पसरला, आणि क्वेबेकच्या अलीकडे ग्रोस इल नावाच्या बेटावरच्या क्वारंटाइनमध्ये त्या एका वर्षात 5,000 हून जास्त माणसं पुरली गेली. जकातीचं कोष्टक वाचताना हे डोळ्यांसमोर येत नाही, पण कोणतं जहाज कुठून कुठे आणि किती रिकामं जाणार हे त्या कोष्टकानेच ठरवलेलं होतं.

प्रश्न : कॅनडाचे व्यापारी अमेरिकन गहू ‘कॅनडाचा’ म्हणून विकायचे असं वाचलं. ही सरळ फसवणूक नाही का?

नाही, फसवणूक नाही, कायद्यानेच ती सोय करून दिलेली होती.

ब्रिटनमध्ये तेव्हा कॉर्न लॉ होते, म्हणजे जमीनदारांच्या गव्हाला भाव मिळावा म्हणून बाहेरच्या धान्यावर बंधनं. 1815 च्या कायद्यात असं होतं की ब्रिटनमधला भाव क्वार्टरमागे (सुमारे 218 किलो) 80 शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू विक्रीला येऊच द्यायचा नाही, वसाहतीच्या गव्हाला ही मर्यादा 67 शिलिंग. ऐकायला सवलत वाटते पण व्यापाऱ्याच्या जागी बसून बघा. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठते, एप्रिलअखेर उघडते, लंडनचा भाव कळायला कित्येक आठवडे, तो कळल्यावर गहू गोळा करून पाठवायला आणखी कित्येक आठवडे, आणि माल पोचेपर्यंत भाव 66 वर आला असेल तर गहू गोदामात कुलूपबंद. हा जुगारच झाला. म्हणून माँट्रियल आणि क्वेबेकच्या व्यापाऱ्यांची वर्षानुवर्षं एकच मागणी होती, दर कमी असो की जास्त, पण एक ठरलेला दर द्या. 1828 मध्ये थोडं मिळालं : भाव 67 च्या खाली असेल तर 5 शिलिंग, वर गेला तर अर्धा शिलिंग.

खरी लॉटरी लागली 1843 ला. वसाहत मंत्री लॉर्ड स्टॅन्ली यांनी कॅनडा कॉर्न अ‍ॅक्ट आणला, कॅनडाच्या गव्हाला आणि पिठाला भाव काहीही असो, क्वार्टरमागे फक्त 1 शिलिंग. बदल्यात कॅनडाने अमेरिकन गव्हावर 3 शिलिंग लावायचे. अमेरिकन गहू कॅनडात दळला की त्याचं पीठ कॅनडाचं धरलं जायचं. म्हणजे ओहायोच्या शेतकऱ्याचा गहू न्यूयॉर्कमार्गे थेट इंग्लंडला गेला तर भाव पडलेला असताना 20 शिलिंगांपर्यंत जकात, आणि सेंट लॉरेन्समार्गे पीठ होऊन गेला तर 3 अधिक 1, एकूण 4. ग्रेट लेक्सच्या आसपासचा सगळा गहू आपल्या नदीने जाईल हे माँट्रियलचं जुनं स्वप्न, कारण न्यूयॉर्ककडे 1825 पासून ईरी कालवा होता आणि तो सगळा माल ओढून नेत होता. आता कर्ज काढून पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, गोदामं झाली, सरकार सेंट लॉरेन्सवरचे कालवे खोल करण्यात पैसा ओतत होतंच.

प्रश्न : मग 1846 ला नेमकं काय झालं, आणि एवढे राजनिष्ठ लोक तीन वर्षांत इतके कसे उलटले?

1846 ला पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी कॉर्न लॉच रद्द केले. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं होतं, शिवाय मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची स्वस्त भाकरीची मोहीम कित्येक वर्षं चालू होती. परदेशी गव्हावरची जकात टप्प्याटप्प्याने कमी होत फेब्रुवारी 1849 पासून सगळ्यांनाच नाममात्र 1 शिलिंग. कॅनडाचा दर कोणी वाढवला नाही, त्यांचा 1 शिलिंग होता तिथेच राहिला. पण बाकीच्यांचाही तेवढाच झाला, म्हणजे फरक शून्य, आणि मघाशी म्हटलं तसं धंदा फरकावर उभा होता. गिरण्यांना जेमतेम तीन-चार हंगाम मिळाले. लाकडाची जकात तर पील यांनी 1842 पासूनच उतरवायला घेतली होती. त्याच सुमारास, 1845 आणि 1846 मध्ये, अमेरिकेने कायदे करून कॅनडाचा माल जकात न भरता न्यूयॉर्क बंदरातून नेता येईल अशी सोय केली. न्यूयॉर्क बंदर हिवाळ्यात गोठत नाही, विमा स्वस्त, जहाजं भरपूर, मग माँट्रियलला कोण येणार? सेंट लॉरेन्सचे कालवे 1848 मध्ये पूर्ण झाले, म्हणजे ज्या मालासाठी खोदले तो दुसऱ्या वाटेला लागल्यावर.

कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन यांनी लंडनला लिहिलेल्या पत्रांत हे फार स्पष्ट लिहून ठेवलंय : स्टॅन्लीच्या कायद्याने प्रांताचं भांडवल गिरण्या-गोदामांत खेचलं आणि पीलच्या कायद्याने ते एका फटक्यात बुडवलं, शहरांतल्या मालमत्तेची किंमत तीन वर्षांत निम्मी झाली, चारपैकी तीन व्यापारी दिवाळखोर. आकडे थोडे ताणलेले असतीलही, पण लिहिणारा लंडनने नेमलेला माणूस आहे, व्यापाऱ्यांचा वकील नव्हे.

त्यात जुने नॅव्हिगेशन अ‍ॅक्ट अजून चालूच होते, म्हणजे इंग्लंडला जाणारा वसाहतीचा माल ब्रिटिश जहाजातूनच न्यायचा, स्वस्त अमेरिकन जहाज चालणार नाही. सवलत गेली पण बंधन राहिलं, आणि व्यापाऱ्यांचा संताप इथे मला शंभर टक्के रास्त वाटतो. 1848 च्या अखेरीला माँट्रियलच्या बोर्ड ऑफ ट्रेडने राणीकडे अर्ज केला, हे जहाजांचे कायदे काढा आणि परदेशी गव्हावर निदान 5 शिलिंग तरी ठेवा, नाहीतर हे नातं टिकणं अवघड आहे. जहाजांचे कायदे 1849 मध्ये रद्द झाले, 5 शिलिंग काही मिळाले नाहीत.

नुसत्या जकातीने एवढं झालं नसतं हेही सांगायला हवं. कॅनडात ब्रिटिश सरकारविरुद्ध झालेल्या 1837-38 च्या बंडात नुकसान झालेल्यांना भरपाई देणाऱ्या विधेयकावर एल्गिन यांनी सही केली, इंग्रज व्यापारी वर्गाला वाटलं की बंडखोरांनाच बक्षीस दिलं, आणि 25 एप्रिल 1849 च्या रात्री जमावाने माँट्रियलमधली संसदेची इमारत पेटवून दिली. ऑक्टोबरमध्ये तो जाहीरनामा निघाला, पहिल्या खेपेला 325 सह्या. दारू गाळणारे आणि बँकवाले मोल्सन घराण्यातले लोक त्यात होते, जॉन अ‍ॅबट नावाचा तरुण वकील होता, जो पुढे 1891 मध्ये कॅनडाचा पंतप्रधान झाला. सह्या करणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे मिलिशियाचे (स्थानिक नागरिकांच्या फौजेचे) किंवा मॅजिस्ट्रेटचे हुद्दे होते त्यांचे ते सरकारने काढून घेतले. धंदा हळूहळू सावरला तशी चळवळ विरली, आणि 1854 मध्ये एल्गिन यांनीच वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेशी करार केला, त्यामुळे धान्य, लाकूड, मासे असा कच्चा माल दोन्हीकडे जकातीशिवाय जाऊ लागला. तो 1866 पर्यंत टिकला.

प्रश्न : सगळेच व्यापारी सवलत मागत होते का?

नाही. 1846 मध्येच माँट्रियलमध्ये फ्री ट्रेड असोसिएशन निघाली, जॉन यंग आणि ल्यूथर होल्टन हे तिचे पुढारी, दोघंही व्यापारीच. त्यांचं म्हणणं, लंडनकडून मिळणारा आधार लंडनच काढून घेऊ शकतं, तेव्हा कालवे सुधारा, जहाजांवरची बंधनं काढा आणि भाड्यात स्पर्धा करा. मला त्यांचं पटतं, पण ज्याने 1844 मध्ये घर गहाण टाकून गिरणी बांधली त्याला हे ऐकवून काय उपयोग होता?

प्रश्न : आपल्याकडचं काय? हिंदुस्थानच्या मालाला हे झुकतं माप मिळालं का?

बहुतेक वेळा पारडं उलट्या बाजूला झुकलेलं होतं. साखरेचं बघा. 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेला हंड्रेडवेटमागे (सुमारे 51 किलो) 24 शिलिंग जकात आणि हिंदुस्थानच्या साखरेला 32. दोन्ही ब्रिटिश सत्तेखालचेच प्रदेश, तरी 8 शिलिंगांचा फरक, कारण वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची लंडनमध्ये जुनी, श्रीमंत संघटना होती, संसदेत त्यांची माणसं होती, आणि त्यांचे मळे 1834 पर्यंत गुलामांच्या कष्टावर चालत होते. समान दरासाठी कलकत्त्याशी व्यापार करणारे लंडन-लिव्हरपूलचे व्यापारी भांडले, गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या काहींनी त्यांना साथ दिली, की गुलामांनी पिकवलेली साखर नको, हिंदुस्थानची घ्या. 1836 मध्ये दर समान झाला, तोही आधी फक्त बंगालसाठी, आणि बंगालने परदेशी साखर आत येऊ द्यायची नाही या अटीवर. पुढे 1846 च्या कायद्याने परदेशी साखरेवरची जादा जकात हटवायला घेतली आणि क्यूबा-ब्राझीलमधली गुलामांच्या श्रमांची साखर स्वस्त दरात ब्रिटनमध्ये येऊ लागली. जमैकात नुकत्याच मुक्त झालेल्या मजुरांवर त्याचा काय परिणाम झाला असेल विचार करा, मळेवाल्यांनी तोटा सांगून पहिली कात्री त्यांच्याच मजुरीला लावली.

कापडात तर उघड अन्याय होता. 1840 च्या सुमाराला ब्रिटिश सुती कापड हिंदुस्थानात साडेतीन टक्के जकात भरून यायचं आणि आपलं कापड तिकडे गेलं तर दहा टक्के, रेशमी असेल तर वीस. आपल्या विणकरांच्या बाजूने ब्रिटिश संसदेत मत देणारं कोणी निवडून आलेलंच नव्हतं.

प्रश्न : ब्रिटनने नंतर कधी ही सवलत परत आणली का?

आणली, पण फार उशिरा. मधल्या काळात वसाहतीच बदलल्या. 1859 मध्ये कॅनडाचे अर्थमंत्री अलेक्झांडर गॉल्ट, जे दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत सामील व्हायच्या बाजूचे होते, त्यांनी कारखान्यातल्या मालावरची जकात 20 टक्क्यांवर नेली. शेफील्डच्या व्यापाऱ्यांनी लंडनकडे तक्रार केली, तर गॉल्ट यांनी ठणकावून कळवलं की कॅनडाचे कर कॅनडाच ठरवणार. आधी माँट्रियलवाले लंडनला अर्ज करायचे, आता शेफील्डवाले कॅनडाविरुद्ध करायला लागले! 1897 मध्ये तर कॅनडाने स्वतःहून ब्रिटिश मालाला कमी दर दिला. 1903 मध्ये जोसेफ चेंबरलेन यांनी साम्राज्यभर प्रेफरन्सची मोहीम काढली, पण त्यासाठी ब्रिटनमध्ये बाहेरच्या धान्यावर कर लावावा लागला असता आणि महाग भाकरीला तिथला मतदार तयार नव्हता, 1906 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला. तेव्हा कर्झनच्या हिंदुस्थान सरकारनेही लंडनला कळवलं होतं की यात आपल्याला मिळण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं बरंच आहे.

शेवटी जागतिक मंदीत, 1932 च्या उन्हाळ्यात ओटावा शहरात परिषद भरली आणि तिथे हे झुकतं माप करार करून पक्कं झालं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचे निवडून आलेले मंत्री एकेक वस्तू घेऊन घासाघीस करत होते. हिंदुस्थानचं शिष्टमंडळ होतं, अतुल चटर्जी त्याचे प्रमुख, पण ते सरकारने नेमलेलं, आणि फिक्कीसारख्या इथल्या व्यापारी संघटनांचा या कराराला विरोध होता, कारण आपला बराचसा कच्चा माल साम्राज्याबाहेरच्या देशांत जायचा आणि ते देश चिडले तर नुकसान आपलंच. तरी त्या वर्षअखेरीला करार मध्यवर्ती विधिमंडळातून मंजूर करून घेतला गेला. 1936 च्या मार्चमध्ये त्याच विधिमंडळाने तो संपवा असा ठराव केला, तरीही 1939 मध्ये नवा करार होईपर्यंत ते दर चालूच राहिले.